नाडीमहाराजांचं शांतितीर्थ

वैशाखरे गावाच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यालगत, एक उघडा माळ आहे. एरवी तिथे गुरं चरायची. पण नाडीमहाराजांनी तिथे मांडव घातला आणि दर गुरुवारी गाड्यांची अशी रीघ लागली की टमटमवाल्यांनी तो आपला थांबाच करून टाकला. नारळवाले आले, भेळवाले आले, महाराजांचे फोटो चौकटीत घालून विकणारा एक जण आला. मुरबाडहून लोक यायचे, शहापूरहून यायचे, कल्याणहून तर लग्नाला निघाल्यासारखी भरलेली जीप यायची.

त्या गुरुवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर पन्नाशीच्या कमळाबाई विशे बसल्या होत्या. केस सुटलेले, कपाळ घामानं निथळलेलं, दोन्ही हात थरथरताहेत. पुढच्या रांगेतल्या बायका हात जोडून पुटपुटत होत्या, "देवी आली गो, कमळाच्या अंगात देवी आली."

"देवी नाय, रोग!" नाडीमहाराज माइकमध्ये गरजले. रेशमी कफनी, कपाळभर भस्म, आणि समोर दोन वस्तू. एक तांब्याचा मोठा कलश आणि दुसरं, मखमलीच्या आसनावर ठेवलेलं, बीपी मोजायचं यंत्र. "बाकीचे बाबा विज्ञानाला घाबरतात. आपण विज्ञानालाच मांडीवर घेतलंय! शाम, लाव पट्टा!"

शाम म्हणजे त्यांचा शिष्य, चाळिशीतला, गळ्यात जाड माळ. त्यानं कमळाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं. शामनं आकडे माइकवरून सांगितले. "वरचा एकशे नव्वद! खालचा एकशे दहा! ठोके एकशे अठरा!"

आकड्यांचा अर्थ निम्म्यांना कळला नव्हता, पण "अरे बापरे" सगळ्यांनीच केलं.

"पाहिलंत?" महाराज म्हणाले. "कमळाबाईच्या नाडीत घोडा शिरलाय. डॉक्टरांनी गोळ्या चारून चारून तो पोसला. आता बाईनं गोळ्या देवाच्या हंड्यात टाकल्या, तसा घोडा बिथरला. बिथरणारच! भाडेकरूला घर सोड म्हटलं की तो भांडतोच का नाय?"

लोक हसले. महाराजांनी डोळे मिटून कलशावर काहीतरी पुटपुटलं, फुंकर मारली आणि पेलाभर तीर्थ कमळाबाईंना पाजलं. मग भजन सुरू झालं. टाळ, मृदंग, पेटी. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. ऊन मांडवाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं, तेव्हा कमळाबाईंचे हात मांडीवर शांत पडले होते.

पुन्हा पट्टा. पुन्हा घुरघुर.

"वरचा एकशे चाळीस! ठोके साठ!"

मांडव दणाणला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि अगदी मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला एक उंच, किडकिडीत माणूस डोळे बारीक करून महाराजांच्या चेहऱ्याकडे नव्हे, शामच्या हातांकडे बघत राहिला.

हा सावळाराम विशे, कमळाबाईंचा नवरा.

सावळारामचा जन्म एसटीत तिकीट तपासण्यात गेला होता. भर रस्त्यात गाडी थांबवून आत चढायचं, आणि कोण एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो ते टिपायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाला, पण सवय निवृत्त झाली नाही. दूधवाल्याचं माप, पेट्रोल पंपावरचा काटा, लग्नातल्या आहेराची पाकिटं, कशावरही त्याचा विश्वास बसत नसे. गावात त्याला 'चेकर' म्हणत. कौतुकानं कमी, वैतागून जास्त.

पण या खेपेस संशय घराच्या आतलाच होता. कमळाबाईंना कित्येक वर्षं दाबाची गोळी चालू होती. सकाळी चहाबरोबर एक, की दिवस सुरळीत. महाराजांची पहिली अट अशी की घरातल्या सगळ्या गोळ्या आणून देवाच्या हंड्यात टाकायच्या. त्यांनी टाकल्या. सावळारामला न विचारता टाकल्या. दोनेक दिवस बरे गेले, आणि मग एका सकाळी भाकरी थापता थापता त्यांचे हात कापायला लागले, छातीत ढोल वाजायला लागला.

"अगं, गोळी सोडलीस म्हणून होतंय हे," सावळाराम म्हणाला होता.

आणि आता, मांडवातून घरी परतताना कमळाबाईंनी तेच त्याच्यापुढे धरलं. "गोळी सोडली म्हणून झालं ना? मग पाण्यानं कसं थांबलं? सांगा की!"

सावळाराम एवढंच म्हणाला, "ते यंत्र खोटं असंल."

रात्रभर त्याचं डोकं यंत्राभोवती फिरत राहिलं. शामच्या बोटाखाली एखादी कळ असेल. पहिल्यांदा पट्टा घट्ट, दुसऱ्यांदा सैल, असं काही असेल. त्याचा मुलगा रितेश कल्याणला नोकरीला होता. त्याला फोन करून सावळारामनं नवं कोरं यंत्र मागवलं.

"बाबा, आता तुमाला पण बीपी झालं काय?" रितेशनं विचारलं.

"झालं नाय, पण होईल. तू यंत्र आण."

पुढच्या गुरुवारी तो आपलं यंत्र पिशवीत घालून गेला. तीर्थ घेण्यापूर्वी त्यानं मांडवाबाहेर, नारळवाल्याच्या बाकड्यावर बसवून कमळाबाईंचा दाब मोजला. भजनानंतर पुन्हा त्याच बाकड्यावर मोजला. आधी चढलेला, नंतर उतरलेला. शामच्या यंत्राशी जवळपास जुळणारा. त्यानं पट्टा उलटून बघितला, बॅटऱ्या काढून घातल्या, स्वतःच्या दंडावर लावून बघितला. सगळं ठीक.

यंत्र खरं बोलत होतं. सावळारामला चैन पडेना.

"झालं समाधान?" कमळाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि ती जास्त झोंबली.

त्याच आठवड्यात सावळारामची धाकटी बहीण भागीरथी राहायला आली. तानसाकडच्या एका गावात तिला दिलेली. लहानपणापासून दमा, पण बाई अशी बोलकी की दम लागेपर्यंत बोलायची आणि दम लागला की कमरेच्या बटव्यातून पंप काढून दोनदा ओढायची, पुन्हा सुरू. भावजयीचा चमत्कार ऐकून तिचे डोळे चमकले.

"वन्सं, तुमीबी चला," कमळाबाई म्हणाल्या. "महाराज म्हणतात, दमा पण जातो."

"नको जाऊस गो," सावळाराम म्हणाला.

भागीरथी हसली. "दादा, तू भाकरीतबी खडा शोधशील. पाणीच तर हाय ते. पाण्यानं काय होनार?"

आणि इथे सावळाराम गप्प बसला. कारण त्यालाही तेच वाटत होतं. लबाडी आहे ती यंत्रात आहे, हातात आहे, कुठेतरी आकड्यांत आहे, आणि कलशात आहे ते विहिरीचं पाणी. इतके दिवस तो संशय घेत होता, पण नेमक्या त्या पाण्यावर त्यानं कधी संशय घेतलाच नव्हता.

गुरुवारी भागीरथीला पहिल्या रांगेत बसवलं. महाराजांनी खूश होऊन तिला पेल्यावर पेला दिला. "ताई, छातीत मांजर बसलंय ना? आज पळवू!"

भजनाला रंग चढला, आणि भागीरथीचा श्वास शिट्टी वाजवायला लागला. तिनं बटव्यातून पंप काढला, ओढला. थांबली. पुन्हा ओढला. तिचे डोळे विस्फारले. इतक्या वर्षांत पंपानं तिला कधी दगा दिला नव्हता. आज जणू रिकामीच नळी ती ओढत होती.

"मांजर निघतंय!" महाराज ओरडले. "कोणी हात लावू नका! दमा बाहेर पडताना त्रास देतोच!"

टाळ आणखी जोरात वाजायला लागले. भागीरथीचे ओठ काळपट पडले. सावळाराम माणसांच्या पाठीवरून, मांड्यांवरून, कसातरी पुढे घुसला.

"ए चेकर, विघ्न आणू नको!" कोणीतरी त्याचा सदरा ओढला.

त्यानं सदरा फाटू दिला. बहिणीला दोन्ही हातांवर उचललं. कमळाबाई क्षणभर महाराजांकडे बघत राहिल्या, मग नणंदेच्या ओठांकडे बघितलं, आणि नवऱ्यामागे धावत सुटल्या.

टमटम मुरबाडला दवाखान्याच्या दारात थांबली. डॉक्टर भाविका पष्टे या तरुण बाईंनी भागीरथीला आत घेतलं, प्राणवायू लावला, वाफेचं औषध सुरू केलं, बोटाला ठोके मोजणारा चिमटा लावला. पडद्यावर आकडे उमटले, आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हातानं नाडी धरून बघितली. मग त्या सावळारामकडे वळल्या.

"यांना बीपीची कुठली गोळी चालू आहे?"

"कुठलीच नाय."

"नीट आठवा. हात कापतात म्हणून एखादी? अर्धशिशीची? धडधडीची?"

"नाय हो, फक्त दमा. हा पंप. दुसरं काय नाय."

"काका, लपवू नका," डॉक्टरांचा आवाज कडक झाला. "दम्याचा माणूस असा गुदमरतो तेव्हा भीतीनं त्याचं हृदय धावत सुटतं. यांच्या ठोक्यांनी शंभराच्या वर जायला हवं. ते पंचावन्न आहेत. जीव कासावीस आणि हृदय मात्र दुपारच्या झोपेत. असं कोणीतरी ते दाबून धरल्याशिवाय होत नाही. काय दिलंत त्यांना?"

आयुष्यभर दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं सावळारामनं बघितलं, त्या नजरेनं आज त्याच्याकडे कोणीतरी बघत होतं. कमळाबाईच पुढे झाल्या.

"तीर्थ," त्या म्हणाल्या. "महाराजांचं तीर्थ दिलं. मीच नेली त्यांना."

डॉक्टरांनी वाफेत दुसऱ्या जातीचं औषध घातलं, शिरेतून सुया दिल्या, आणि भागीरथीच्या उशाशी बसून राहिल्या. संध्याकाळ होता होता शिट्टी कमी झाली. भागीरथीनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "दादा, तुझा सदरा फाटलाय रे." कमळाबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

मग डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. हंडा, तीर्थ, भजन, आकडे, कमळाबाईंच्या जुन्या गोळीचं नाव. ऐकता ऐकता त्या मान हलवत होत्या.

"तुमची ती जुनी गोळी कुठली होती, ठाऊक आहे? तिला बीटा ब्लॉकर म्हणतात. ती काय करते ते सांगते. मेंदूकडून हृदयाकडे नसा जातात. चढ लागला, भीती वाटली, भांडण झालं, की त्या नसा हृदयाला हाका मारतात. 'धाव, जोरात धाव!' हृदय ऐकतं, धावतं, दाब वाढतो. काहींच्या नसा या हाका कारण नसतानाही मारत राहतात. ही गोळी हृदयाचे ते ऐकणारे कान झाकते. नस ओरडायची थांबत नाही बरं का, ती ओरडतच असते. पण हृदयाला ते ऐकू येत नाही. ते सावकाश, बेतानं चालतं. मूत्रपिंडातून दाब वाढवणारा एक रस सुटतो, तोही कमी होतो. म्हणून दाब खाली येतो."

"मग सोडल्यावर ढोल का वाजला?" कमळाबाईंनी विचारलं.

"कारण इतकी वर्षं कान झाकलेले राहिले, तेव्हा हृदयानं जास्तीचे कान उगवले. तुम्ही गोळी एकदम तोडलीत, आणि ते सगळे कान एका झटक्यात उघडे पडले. मग साधी हाकसुद्धा ढोलासारखी ऐकू आली. म्हणूनच ही गोळी एकदम थांबवायची नसते. बंद करायची झालीच तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. तुम्हाला झटका आला असता बाई. ती देवीही नव्हती आणि घोडाही नव्हता."

सावळाराम पुढे सरकला. "आणि पाण्यानं थांबलं..."

"पाण्यानं नाही थांबलं. त्या पाण्यात तीच गोळी असणार. दुसरं काही मला सुचत नाही. म्हणून ते लांबलचक भजन. गोळी पोटात जाऊन रक्तात उतरायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ लोकांना बसवून तर ठेवायला हवं."

"आणि माझ्या बहिणीचा पंप?"

"फुप्फुसांच्या नळ्यांवरही तसेच कान असतात. पंपातलं औषध त्यांच्याशीच बोलतं, 'नळ्यांनो, उघडा.' तीर्थानं ते कान बंद केले. मग पंपानं बोलायचं कोणाशी? अशा दमेकऱ्याला ही गोळी देताना आम्ही दहादा विचार करतो. त्यानं पेल्यावर पेले पाजले."

सावळाराम ताडकन उठला. "आत्ताच जातो. कलशासकट फोडतो त्याला."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "मला खात्री वाटते, पण माझी खात्री म्हणजे पुरावा नाही. तुमचा यंत्रावर संशय होता, तो चुकला ना? माझाही चुकू शकतो. मी पोलिसांत आणि आरोग्य खात्यात कळवते. पाण्याचा नमुना सगळ्यांसमोर घेऊ. आणि त्याआधी महाराजांना एक साधी परीक्षा देऊ द्या."

"कोन घेनार परीक्षा?" सावळाराम म्हणाला. "मला तर ते मांडवात शिरू पण देनार नाय."

"मी घेते," कमळाबाई म्हणाल्या. "मला तर ते स्टेजवर बोलावतात."

पुढच्या गुरुवारी मांडव आणखीच फुगला होता. दमेकरी बाईवर चेकरनं घाला घातला आणि महाराजांच्या कृपेनं ती वाचली, अशी बातमी शामनं आधीच पसरवली होती. डॉक्टर पष्टे साध्या साडीत बायकांमध्ये बसल्या होत्या. सावळाराम टोपी कपाळावर ओढून मागच्या खांबाआड उभा होता. नारळाच्या दुकानाशी साध्या कपड्यांतले एक हवालदार आणि आरोग्य खात्याचे एक गृहस्थ भेळ खात उभे होते. कमळाबाईंची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली होती आणि त्यांचा हात आता कापत नव्हता.

"या, कमळाबाई, या!" महाराजांनी स्वतः माइक पुढे केला. "सांगा लोकांना, घोडा गेला की नाय?"

कमळाबाई स्टेजवर चढल्या. त्यांच्या हातात घरचा तांब्या होता.

"महाराज, गुण आला, हे मी सगळ्यांसमोर सांगते. पाण्यात ताकद हाय. माझं एकच मागनं हाय. हे बाहेरच्या हापशाचं पानी, आत्ता भरून आनलंय. यावर तुमी सगळ्यांसमोर मंत्र म्हना. मग आमच्या शेजारच्या नवशाला पाजा. त्याचा दाब चढलेला हाय, मोजा. भजन होऊ द्या, परत मोजा. उतरला तर मी जन्मभर इथे झाडू मारीन."

लोक माना डोलवायला लागले. मागणी सोपी होती. भक्तीचीच होती.

महाराजांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे शामकडे गेले. "बाई, हापशाच्या पाण्याला तप नाय. कलशाला तप आहे."

"मग कलश रिकामा करून हेच पानी कलशात वता, आणि म्हना मंत्र."

"देव परीक्षा देत नसतो!"

"मोजायचं यंत्र तर तुमीच आनलंत," कमळाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण माइकमुळे तो मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "बरं, पानी राहू द्या. मग तुमी हे तुमचं तीर्थ एक पेला प्या. एवढ्या गुरुवारांत तुमाला पिताना मी कधी बघितलं नाय."

"मी देणारा! घेणारा नाय!"

आता कुजबुज उठली. तेवढ्यात डॉक्टर उभ्या राहिल्या. "महाराज, पिऊ नका. निदान दाब तरी मोजू द्या. यंत्र तुमचंच आहे."

"मोजा! मोजा!" मागून पोरं ओरडली. त्यांना गंमत वाटत होती. शाम हलेना, तेव्हा सावळाराम खांबापासून पुढे आला आणि त्यानंच महाराजांच्या दंडाला पट्टा बांधला. नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती. यंत्र घुरघुरलं. सावळारामनं आकडे माइकवर वाचले.

"वरचा एकशे शहाऐंशी! ठोके एकशे तीस!"

असा हशा उसळला की मांडवाचं कापड हललं.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या, "कोणी हात लावला नाही, काही खाल्लं नाही. नुसत्या भीतीनं नसांनी हाका मारल्या आणि हृदय धावत सुटलं. सगळ्यांचं असंच होतं. महाराजांचंही."

"महाराजांच्या नाडीत घोडा शिरला!" कोणीतरी ओरडलं. "पाजा तीर्थ! आख्खा कलश पाजा!"

हशाचा सूर बदलला. पुढची माणसं स्टेजवर चढली. ज्यांनी मगाशी पाय धरले होते त्यांनीच महाराजांचे दंड धरले. सावळारामनं कलश उचलला. त्याच्या डोळ्यांपुढे बहिणीचे काळपट ओठ होते. कलश महाराजांच्या हनुवटीला लागला, थोडं तीर्थ कफनीवर सांडलं.

"काका, नाही!" डॉक्टर गर्दीतून ओरडत पुढे येत होत्या.

पण त्यांच्याआधी दुसराच आवाज फुटला. शामचा.

"नका पाजू! आख्खा कलश पाजू नका! मरतील ते!"

सगळं थबकलं. सावळारामचा हात हवेत राहिला. डॉक्टर स्टेजवर पोचल्या, कलशाच्या तोंडावर त्यांनी पंजा ठेवला आणि तो सावळारामच्या हातून काढून घेतला.

"पाण्यानं माणूस मरत नाही," त्या शामला म्हणाल्या. "काय आहे यात?"

नारळाच्या दुकानापाशी उभे असलेले हवालदार स्टेजवर आलेले शामनं बघितले, आणि मग त्याला थांबवावं लागलं नाही. तो पूर्वी औषधाच्या दुकानात कामाला होता. कुठली गोळी ठोके उतरवते ते त्याला ठाऊक. मागच्या खोलीत खलबत्ता होता. गोळ्या कुटायच्या, पाण्यात कालवायच्या, फडक्यानं गाळायच्या, कडवटपणा झाकायला मध आणि तुळस घालायची.

"महाराजांना सगळं माहीत व्हतं," तो म्हणाला. "कल्पना त्यांचीच."

"एवढ्या गोळ्या आणायचास कुठून?" आरोग्य खात्याच्या गृहस्थांनी विचारलं.

शामनं मान वर केली. समोरच्या माणसांकडे तो बघत राहिला.

"आनायच्या कशाला साहेब? हेच आनून देत व्हते. हंड्यात टाकत व्हते ना. साखरेच्या, थायरॉइडच्या निवडून फेकायच्या. ठोक्यांच्या तेवढ्या ठेवायच्या."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हळूच विचारलं, "म्हंजे आमचीच गोळी आमालाच पाजली?"

"हो आजी," डॉक्टर म्हणाल्या. "आधी तोडायला लावली, म्हणून तुम्ही आजारी पडलात. मग तीच पाजली, म्हणून बरं वाटलं. आजारही त्यांनीच दिला आणि उताराही."

मागच्या खोलीत खलबत्ता सापडला, सोललेल्या वेष्टनांची पोतीही सापडली. कलशातला नमुना सगळ्यांसमोर बाटलीत भरून मोहोरबंद झाला. तपासणीचा निकाल यायला वेळ लागला, पण आला तो डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणेच. ठोके उतरवणाऱ्या दोन-तीन जातींच्या गोळ्या, माप नसलेल्या, एकत्र. हृदयाबरोबर फुप्फुसांचेही कान झाकणारी जातही त्यांत होती. महाराज आणि शाम या दोघांवर खटला उभा राहिला.

सगळ्यांचे डोळे उघडले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. काही जण अजून म्हणतात, महाराज चांगले होते, त्या शामनं घात केला. फोटो विकणाऱ्याकडचे उरलेले फोटो खपले, असंही ऐकतो. भागीरथी बरी होऊन तानसाकडे परतली. जाताना कमळाबाईंनी तिचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. भागीरथी म्हणाली, "वैनी, तू नेलंस, आणि तूच त्यांना विचारलंस. मी तर नुसती पीत बसले." सावळारामनं दोघींकडे बघितलं आणि पहिल्यांदाच कबूल केलं की पाण्याचा संशय त्याला आलाच नव्हता.

मग डॉक्टर पष्टेंनी त्याच माळावर एक शिबिर घेतलं. गोळ्या तोडलेल्या माणसांना तपासून पुन्हा मार्गी लावायचं होतं. रांग मोठी होती. कमळाबाई रांगेतल्या बायकांना बसायला सतरंज्या टाकत होत्या. नवशाचा नंबर आला. डॉक्टरांनी दाब मोजला, गोळी लिहून दिली. नवशा उठला नाही.

"डॉक्टरबाय, राग मानू नका," तो म्हणाला. "ही गोळी कसली? काय करते? आनि सोडली तर काय व्हतं? हे समजल्याबिगर मी घेनार नाय."

मागच्या एकीनं त्याला टोचलं, "डॉक्टरला असं विचारतात काय रे?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, नवशाला नीट समजावून सांगितलं, आणि रांगेतल्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं.

नवशानं विचारलं तेच प्रत्येकानं विचारावं, एवढंच या गोष्टीचं सांगणं आहे. बाबाला विचारावं, डॉक्टरला विचारावं, औषधवाल्याला विचारावं. हे काय आहे, कशानं गुण येतो, आणि नाही घेतलं तर काय होईल? खरं औषध देणारा माणूस या प्रश्नाला उत्तर देतो, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगतो. जो प्रश्न विचारला म्हणून रागावतो, परीक्षेला नाही म्हणतो, आणि स्वतःचं पाणी स्वतः पीत नाही, त्याच्या मांडवातून उठून सरळ घरी यावं. आणि चालू असलेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून एकदम तोडू नये. आधी डॉक्टरला विचारावं.